ऑगस्टनंतर शिक्का नाही

दिग्रस,
दि. १२ जानेवारी २०२५

चि. भैरवी हिस,
कमलाकरचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावाआधी काय लिहावं यावर तीन कागद फाडले. 'सौ.' लिहायचा हक्क आम्हीच घालवला. 'कु.' लिहिणं म्हणजे झालेलं लग्न झालंच नाही म्हणणं, आणि ते तर आमचं कोर्टातही म्हणून झालं. शेवटी 'चि.'वर आलो. तू वयाने लहान आहेस, एवढं तरी कुणाला खोडता येत नाही.

पाच वर्षांनी सासऱ्याचं पत्र पाहून तू ते चुलीत घालायला उठशील. घाल, पण वाचून घाल. यात एक गोष्ट आहे. ती तुझ्याबद्दल आहे, खरी आहे, आणि जगात फक्त मला ठाऊक आहे. ती तुझ्या हाती पडेपर्यंत मला जायचं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी घरचं. तुझ्या सासूबाईंचे गुडघे बोलतात, तोंड त्याहून जास्त बोलतं. स्वानंद हैदराबादलाच आहे, महिन्यातून एकदा येऊन जातो. मागच्या अंगणात तू लावलेला कढीपत्ता पत्र्याच्या वर गेला आहे. सगळी आळी येऊन ओरबाडून नेते, पण तो काही हटत नाही.

आणि मी. मला जठराचा कर्करोग निघाला. दिवाळीच्या आधी अन्न खाली उतरेना म्हणून नागपूरला दाखवलं तेव्हा कळलं. एकसष्ट किलोचा होतो, आता सेहेचाळीस आहे. केमो चालू आहे. लोक भेटायला येतात, संत्री आणतात, 'काका, हिंमत ठेवा' म्हणतात. मी मान हलवतो. संत्र्यांचा वासही सहन होत नाही, ती सगळी शेजारच्या लालीबाईकडे जातात.

दुसऱ्या केमोनंतर आठ दिवस पाणीसुद्धा पोटात राहिना. डॉक्टर मॅडमनी एक गोळी वाढवून दिली. रोज संध्याकाळी जेवणानंतर एक, अगदी बारीक. म्हणाल्या, उलट्या थांबतील आणि भूक लागेल. खाली येऊन औषधं घेतली, पिशवीतून पाकीट काढून नाव वाचलं. ओलान्झापिन.

भैरवी, हे नाव मला पाठ आहे. का, ते तुला सांगायला नको.

आज इथेच थांबतो. हात दुखतो हे कारण खरं आहे, पण पूर्ण खरं नाही.

दि. १३ जानेवारी

काल गोळीपर्यंत आलो होतो.

चार दिवस ते पाकीट मी फोडलंच नाही. उशीखाली ठेवलं. पुढच्या तारखेला मॅडमनी विचारलं, फरक पडला का? मी म्हटलं, मॅडम, ही तर डोक्याच्या आजाराची गोळी. त्या हसल्या. म्हणाल्या, काका, गोळीला कुठे माहीत असतं ती कोणत्या आजाराची आहे? तिला फक्त आपलं काम माहीत.

मग त्यांनी समजावून सांगितलं. बाई भली आहे, मागे वीस माणसं बसलेली असतानाही घाई केली नाही. मेंदूत एका पेशीचा निरोप दुसरीकडे जातो तो रसायनांच्या हाती. डोपामिन हे त्यातलं एक. पेशीच्या दारावर त्यासाठी जागा असते, तिथे ते बसलं की निरोप पोचला. ही गोळी आधीच जाऊन त्या जागेवर बसते. मला लगेच आमच्या कोर्टातल्या बेलिफाची आठवण झाली. समन्स निघालेलं आहे, बेलिफ गल्लीत आलेला आहे, पण ओट्यावर दुसराच कुणी ठाण मांडून बसला आहे, म्हणून समन्स काही बजावलं जात नाही. मी तसं म्हणालो तर मॅडम म्हणाल्या, अगदी असंच.

ज्यांच्या डोक्यात हे निरोप फार जोरात, वेळी-अवेळी येतात, त्यांना नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेले अर्थ दिसतात. गोळी तो लोंढा कमी करते. आणि ओकारीचा निरोपही मेंदूतच जातो, बराचसा त्याच रसायनांच्या हाती. म्हणून तीच गोळी माझी मळमळही अडवते. सोबत आणखी एक-दोन दारं बंद होतात, त्यामुळे झोप येते आणि भूक वाढते. मॅडम म्हणाल्या, मानसोपचारात या भुकेचा लोकांना त्रास होतो, वजन वाढतं. आम्हाला मात्र तीच हवी आहे. कॅन्सरच्या रोग्यांना अगदी थोड्या मात्रेत देऊन पाहिली तर त्यांचं वजन सावरलं, म्हणून आता आम्ही लिहून देतो. या जातीतली दुसरी काही जुनी औषधं तर थेट कर्करोगाच्या पेशींवर चालतात का, जंतूंवर चालतात का, हेही कुठे कुठे तपासून पाहताहेत. पण ते अजून प्रयोगशाळेतलं, काका, त्याच्या भरवशावर राहू नका.

मी कशाच्याच भरवशावर नव्हतो. घरी आलो आणि त्या संध्याकाळी गोळी घेतली.

तिसऱ्या दिवशी भूक लागली. भूक म्हणजे काय ते मी विसरलो होतो. तुझ्या सासूबाईंनी तुरीच्या दाण्यांची आमटी केली होती. एक पोळी खाल्ली आणि आणखी एक मागितली. तुझ्या सासूबाई तव्यापाशी तशाच उभ्या राहिल्या, पदराने डोळे पुसले, आणि मग ती गरम पोळी तूप लावून माझ्या ताटात टाकली. जेवण झाल्यावर लालीबाईकडे जाऊन सांगून आल्या, यांनी आज दोन पोळ्या खाल्ल्या. लालीबाईने देवाला साखर ठेवली. स्वानंदला फोन गेला. सगळ्या घराला आनंद झाला.

आणि मला तुझं ताट दिसलं. त्याच जागी, त्याच पाटावर. तू तिसरी पोळी घेतलीस की तुझ्या सासूबाई माझ्याकडे पाहायच्या. एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, पोट आहे का कोठी. तू हात मागे घेतलास, ताट धुतलंस, आणि नंतर मी पाणी प्यायला आलो तर तू ओट्याशी उभी राहून गूळ खात होतीस. मला पाहून दचकलीस. मी आपला तांब्या घेऊन निघून गेलो. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नव्हतं, उलट आपण किती समजूतदार असं वाटलं होतं.

आता मी सकाळी आठपर्यंत उठत नाही. जीभ जड असते, हाक ऐकू येते पण उत्तर द्यायला वेळ लागतो. कुणी काही म्हणत नाही. 'झोपू द्या त्यांना' असं दबक्या आवाजात चालतं. लग्न रद्द करण्याच्या अर्जातलं तुझ्याविषयीचं वाक्य माझ्याच हातचं आहे, वकिलाने फक्त टाईप केलं: 'प्रतिवादी अति खाते, उशिरापर्यंत झोपते व घरकामात आळस करते.' अडतीस वर्षं कोर्टात कारकुनी केली, अशी वाक्यं मला झोपेतही जमतात.

काल मी तुझ्या सासूबाईंना सांगितलं की ही तीच गोळी. त्या उद्याच्या संक्रांतीचे तीळ भाजत होत्या. कलथा थांबला. तीळ करपायला लागले. मग म्हणाल्या, "म्हंजे तिले अशीच भूक लागत होती का जी?"

मी हो म्हटलं. त्यांनी गॅस बंद केला आणि आत जाऊन निजल्या. यंदा घरात तिळाचे लाडू होतील असं दिसत नाही.

दि. १५ जानेवारी

काल बसता आलं नाही. आज एका बैठकीत संपवतो.

मागच्या आठवड्यात यवतमाळच्या स्टँडवर नागपूरची गाडी पाहत उभा होतो. एक उंच मुलगा जवळ आला, काही वेळ नुसता पाहत राहिला. तुझा धाकटा भाऊ, कपिल. मी त्याला ओळखलं नाही, त्याने मला ओळखलं, हे विशेष, कारण आता मला माझा आरसाही ओळखत नाही. त्याला मला दोन शिव्या द्यायचा हक्क होता. त्याने बाकावरच्या माणसाला सरकवून मला जागा करून दिली आणि चहा आणला. मी तुझ्या बापूजींचं विचारलं, कापसाचं विचारलं. मग तुझं विचारलं. तो आधी 'बरी हाये' म्हणाला. गाडीला उशीर होता, म्हणून पुढचं बोलला.

"ताई काही बोलली का आधी मले इचारते काका, हे खरंच झालं ना रे? वही ठेवली हाये तिनं. दिवसभराचं लिहिते अन् मले खाली 'खरं' लिहून सही करायले लावते. वेचणीच्या बाया आल्या होत्या, खरं, सही. दूधवाला आला होता, खरं, सही. गोळ्या टायमावर घेते, भास-बीस काही नाही. पण सोताच्या आठवणीचा भरोसाच नाही राह्यला तिले."

त्याची गाडी आधी आली. मला चढताना हात दे असं मी त्याला म्हणू शकलो नाही, कारण त्याची मारेगावची गाडी निघाली होती आणि माझी नागपूरची अजून लागायची होती. तो गेला. मी त्या बाकावर बसून राहिलो आणि माझी गाडी लागली, भरली आणि सुटली, तरी उठलो नाही.

तुझा भरवसा कुठे गेला ते मला माहीत आहे. तो मी घेतला. आता सांगतो, आणि कोर्टात साक्ष देतात तसं क्रमाने सांगतो, म्हणजे मला पळवाट राहणार नाही.

बापूजींनी लग्नाआधी तुझ्या आजाराचं सांगितलं नव्हतं, हे खरं. पण तू सांगितलंस. लग्नानंतर अठराव्या दिवशी, मी पेपर वाचत असताना, पदराआडून डॉक्टरांचा कागद काढून माझ्यासमोर ठेवलास. म्हणालीस, बाबा, माहेरून आणलेल्या गोळ्या संपत आल्या, दिग्रसच्या मेडिकलात सगळे तुम्हाला ओळखतात, तुम्ही रोज यवतमाळला जाता तर तिथून आणून द्याल का? ह्यांनाही सांगायचं आहे मला. मी म्हटलं, त्याला मी सांगतो, वेळ पाहून. मला तुझा अभिमान वाटला होता, पोरी. वडिलांना जे जमलं नाही ते तुला जमलं.

स्वानंदला मी कधीच सांगितलं नाही. वेळ पाहत राहिलो.

गोळ्या मात्र आणत होतो. कोर्टाजवळच्या मेडिकलमध्ये कागद दाखवायचा, तो माणूस गोळ्या द्यायचा आणि कागदाच्या मागे तारखेचा शिक्का मारायचा. २०१९च्या जानेवारीत तुझ्या डॉक्टरांनी नवा कागद दिला, त्यावर जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत आठ शिक्के आहेत. तू बरी होतीस. शेजारच्या पोरांना गणित शिकवत होतीस, हसत होतीस.

सप्टेंबरात मी त्या दुकानात उभा असताना आमच्या ऑफिसातला इंद्रजीत मागे येऊन उभा राहिला. दुकानदाराने सहज विचारलं, पेशंट आता कसा आहे? इंद्रजीतने कागदावर डोकावून पाहिलं. 'शेजाऱ्यांचं आहे, नंतर येतो' म्हणून मी कागद खिशात घातला आणि बाहेर पडलो. बस, एवढंच झालं. त्याच आठवड्यात एका लग्नात कुणी तरी सूनबाई अंगाने चांगली भरली म्हणालं, त्यावर घरी येऊन तुझ्या सासूबाईंचं चालू झालं. मी मनाशी ठरवलं, दीड वर्ष पोरगी ठणठणीत आहे, म्हणजे बरी झाली. गोळ्या बंद झाल्या तर वजनही उतरेल आणि हा लपंडावही संपेल. तुझ्या डॉक्टरांना विचारलं नाही. तुला विचारलं नाही. कायद्याची पुस्तकं वाहून नेणाऱ्याला आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागतं, तसं माझं झालं होतं.

तू गोळ्या मागितल्यास तेव्हा मी म्हटलं, स्टॉक नाही, कंपनीकडूनच माल येत नाही. तू म्हणालीस, बाबा, मग नागपूरहून मागवा, त्याच्याशिवाय मला चालायचं नाही. मी म्हटलं, बघू. ऑक्टोबरातही तेच म्हटलं. तू रोज संध्याकाळी फाटकाशी उभी असायचीस, आणि मी बसमधून उतरलो की माझ्या चेहऱ्याकडे न पाहता आधी पिशवीकडे पाहायचीस. मी त्या पिशवीतून तुला सीताफळं आणून दिली.

नोव्हेंबरात कापसातली सरकी काढणारी जिनिंग गिरणी सुरू झाली. तुझी झोप गेलीच होती. गिरणीचा भोंगा तुझं नाव घेतो म्हणायला लागलीस, आणि एका दुपारी जिनिंगच्या फाटकात जाऊन उभी राहिलीस, तो बंद करा म्हणून हात जोडत होतीस. कापसाच्या गाड्या थांबल्या, लोक जमले. मी आणि स्वानंद तुला घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी यवतमाळला नेलं, तुझ्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नाही, मी निवडलेल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे. का दुसऱ्या, ते आता तुला कळेल.

त्यांनी विचारलं, गोळ्या चालू होत्या का? तू उत्तर सरळ दिलंस. "बाबानं सांगतलं, माल नाही म्हणून. दोन महिने झाले. कागद बाबाजवळच हाये, मांगे शिक्के हायेत, पाहा ना."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. स्वानंदने माझ्याकडे पाहिलं. बापूजी मारेगावहून आले होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कागद माझ्या सदऱ्याच्या खिशात होता, छातीला टोचत होता.

मी म्हटलं, "नाही हो डॉक्टर. आम्हाला तर कसल्या गोळ्यांचं माहीतच नाही."

आवाज अगदी शांत होता माझा. तू बापूजींकडे वळलीस. ते मला म्हणाले, माफ करा, पोरगी भ्रमात काहीही बोलते. डॉक्टरांचा दोष नाही, समोर पांढऱ्या केसांचा कोर्टातला माणूस उभा होता. त्यांनी ते तुझ्या केसपेपरवर भ्रम म्हणून लिहून घेतलं आणि डोस वाढवला. तू पुन्हा माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं होतं तू ओरडशील. तू हळूच विचारलंस, 'असं झालं नव्हतं का, बाबा?' आणि मी 'नाही' म्हणून मान हलवली.

कर्करोगाचं निदान झालं तेव्हा मला एवढं वाईट वाटलं नव्हतं, जेवढं आज ही एक ओळ लिहिताना वाटतं.

पुढचं सगळं त्याच्यावर रचलं. आजार लपवून फसवणूक केली असा अर्ज, ओलान्झापिनचं रिकामं पाकीट कोऱ्या कागदाला चिकटवून त्याला निशाणी क्रमांक, पोरीची शोभा नको म्हणून बापूजींनी केलेली सही. तुझ्याकडून विरोध झाला नाही. कसा होणार, तुला स्वतःलाच खात्री राहिली नव्हती.

माफीचा अर्ज मी करत नाही, तो केव्हाच मुदतबाह्य झाला. कोर्टाचा निकाल या पत्राने उलटेल असंही नाही. तो डॉक्टरांचा कागद सोबत ठेवला आहे. पाच वर्षं माझ्या पेन्शनच्या फायलीत होता, फाडायला हात धजला नाही, दाखवायलाही धजला नाही. उलटून बघ. आठ शिक्के आहेत, ऑगस्टनंतर शिक्का नाही. तुझ्या डॉक्टरांना दाखव आणि सांग की आजार गोळ्या घेत असताना उलटला नव्हता, गोळ्या बंद पाडल्या म्हणून उलटला. त्यांना डोसचं जे ठरवायचं ते ठरवू दे, तू मनाने काही कमी करू नकोस. या पत्राची एक प्रत बापूजींच्या नावे वेगळ्या पाकिटात टाकतो आहे आणि एक स्वानंदला. तुझ्या सासूबाईंना आज दुपारी मी स्वतः वाचून दाखवीन. कुणाला सांगायचं काम तुझ्यावर नको.

पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवतो. पोचपावतीवर तुझी सही परत येईल. दुसरं उत्तर मला नको, आणि मी मागूही शकत नाही.

आता तुझी वही घे. कोरं पान काढून, कुणालाही न विचारता, तुला आठवतं ते तुझ्या हाताने लिही: बाबा म्हणाले, स्टॉक नाही. कागद बाबांजवळ होता. मी खरं बोलले होते.

आणि कपिलला आज त्रास देऊ नकोस. पत्राची ही खालची पट्टी कापून तिथे चिकटव.

खरं.
सही,
कमलाकर